स्पायरोमेट्रीत फरक नगण्य, तरीही धाप कमी: श्वासनलिका रुंदावणारे औषध नेमके काय करते?

सत्तरीकर:

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून, तिला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा निर्माण करणारा फुप्फुसांचा आजार असल्याचे निदान पावसाळ्यापूर्वी झाले. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. स्वयंपाक मात्र अनेक वर्षे चुलीवर केला, आणि गॅस आल्यावरही न्हाणीतले पाण्याचे भाण तापवण्यासाठी नारळाची सोडणे, चुडते आणि करवंट्या जाळणे काही थांबले नाही. डॉक्टरांच्या मते कारण तेच आहे.

माझी शंका औषधाबद्दल आहे. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे यंत्रात जोराने फुंकायच्या तपासणीत आईला आधी फुंकायला लावले, नंतर साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचे चार पफ दिले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, औषधापूर्वी ०.९८ लिटर होती आणि औषधानंतर १.०४ लिटर झाली. ही वाढ अवघी सहा टक्के असल्याने अहवालाच्या तळाशी ‘लक्षणीय सुधारणा नाही’ असा शेरा आहे. तरीसुद्धा डॉक्टरांनी टायोट्रोपियम या तशाच, पण दिवसभर टिकणाऱ्या औषधाची १८ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल रोज एकदा यंत्रातून ओढायला सांगितली. मुंबईतल्या एका नातेवाइकांनी अहवाल पाहून सरळ विचारले की, जे औषध लागूच पडत नाही ते जन्मभर कशाला घ्यायचे?

त्यांचे म्हणणे मला पटलेही असते, पण घरात वेगळेच दिसते आहे. औषध सुरू होण्यापूर्वी आईला अंबाडा घालणे जड जात असे. दोन्ही हात मानेमागे नेले की धाप लागायची, मध्येच हात मांडीवर टेकवून ती थांबायची, आणि मग उरलेले केस गुंडाळायची. आता ती अंबाडा न थांबता घालते आणि वर अबोलीची वेणीही माळते. विहिरीकडून परत येताना पायरीवर बसणेही बंद झाले आहे. आकडा जवळजवळ तोच आणि माणूस मात्र बदललेला, याचा मेळ कसा घालायचा? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

मांडवीकाठ:

सत्तरीकर, तुमच्या आईंना बरे वाटते आहे हे वाचून आनंद झाला, परंतु थोडा सावधपणा बाळगावा असे मला वाटते. धाप ही भावना आहे. नवीन औषध, नवीन डॉक्टर आणि घरच्यांचे वाढलेले लक्ष यांनीही ती कमी होऊ शकते, म्हणूनच औषधांच्या चाचण्यांमध्ये निम्म्या रुग्णांना निष्क्रिय पूड दिली जाते. यंत्र जर फरक नाही म्हणत असेल, तर मी तरी यंत्रावर विश्वास ठेवीन. औषध स्वस्तही नाही. अंबाड्यावरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

श्वासपटल:

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. उत्तर लिहिण्यापूर्वी सत्तरीकरांना एक विनंती. एफईव्ही-१ च्या शेजारी एफव्हीसी नावाची ओळ असेल. पूर्ण श्वास भरून जोराने आणि शेवटपर्यंत सोडल्यावर एकूण किती हवा बाहेर पडली, तो हा आकडा. औषधापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे कळवावेत. ‘लक्षणीय सुधारणा नाही’ हा शेरा बहुतेक वेळा केवळ एफईव्ही-१ पाहून उमटलेला असतो.

सत्तरीकर:

एफव्हीसी औषधापूर्वी १.८० आणि औषधानंतर २.१० लिटर आहे. मात्र या दोन आकड्यांचे गुणोत्तर ०.५४ वरून ०.५० वर आले आहे, म्हणजे उलट बिघडलेच आहे. हे पाहून माझी काळजी वाढली.

श्वासपटल:

काळजीचे कारण नाही; तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच ओळीत आहे. साल्ब्युटामॉल दिल्यानंतर तुमच्या आईंच्या फुप्फुसांतून ३०० मिलिलिटर हवा अधिक बाहेर आली. ही वाढ जवळजवळ सतरा टक्के आहे. औषधाला प्रतिसाद आहे असे म्हणण्यासाठी अनेक वर्षे जो निकष वापरला गेला, तो एफईव्ही-१ किंवा एफव्हीसी यांपैकी कोणत्याही एका आकड्यात १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढ असा आहे. त्या निकषानुसार तुमच्या आईंचा प्रतिसाद आहेच. तो पहिल्या सेकंदात दिसला नाही, शेवटच्या सेकंदांत दिसला. गुणोत्तर घसरले ते छेद वाढल्यामुळे, अंश घटल्यामुळे नव्हे. एक पथ्य तेवढे पाळले पाहिजे. दुसऱ्या वेळी रुग्णाने अधिक वेळ फुंकले असेल तरीही एफव्हीसी वाढलेली दिसते. म्हणून दोन्ही वेळचा फुंकण्याचा कालावधी आलेखावर तपासून घ्यावा. तो साधारण सारखा असेल तर वाढ खरी समजावी.

आता ही हवा होती कुठे? या आजारात श्वास घेण्यापेक्षा सोडणे कठीण होते. निरोगी फुप्फुस रबरासारखे ताणले जाते आणि स्वतःच्या लवचिकतेने आवळून हवा बाहेर ढकलते; शिवाय त्याचे तंतू बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. वर्षानुवर्षांच्या धुराने वायुकोशांच्या भिंती झिजल्या की हे दोन्ही आधार जातात, आणि धुराने जाड झालेल्या, कफाने भरलेल्या नलिका उच्छ्वासाच्या वेळी लवकर मिटतात. त्यामुळे पुढचा श्वास घेण्याची वेळ येते तेव्हा मागचा श्वास पूर्ण बाहेर पडलेला नसतो. स्वस्थ बसले असताना उच्छ्वासाला वेळ मिळतो, म्हणून त्रास कमी असतो. चालू लागले की श्वासाची गती वाढते, उच्छ्वासाचा वेळ आखडतो, आणि प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी हवा आत साचत जाते. थांब्यावर कोणीच न उतरलेल्या गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये नव्या प्रवाशाची जी गत होते, तीच ताज्या हवेची होते.

या साचण्याचे परिणाम मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण धापेचे मूळ तिथे आहे. छाती आधीच फुगलेली असल्याने आणखी श्वास भरायला वर जागा उरत नाही. शांत उच्छ्वासाच्या शेवटापासून जास्तीत जास्त किती हवा आत घेता येते, त्याला अंतःश्वसन क्षमता म्हणतात. साचलेली हवा हीच क्षमता खाते. छातीच्या तळाशी असलेला श्वसनाचा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. ते एरवी घुमटासारखे वर उचललेले असते, ते खाली दबून सपाट होते, आणि सपाट झालेला स्नायू कितीही आकुंचन पावला तरी छाती फारशी फुगवू शकत नाही. त्यातच उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोशांत दाब शिल्लक राहतो. तो दाब मोडून काढेपर्यंत स्नायूंनी लावलेल्या जोराने हवेचा एक थेंबही आत येत नाही. मेंदू जोराचा आदेश देत राहतो आणि छाती मात्र हलत नाही. आदेश आणि प्रतिसाद यांतल्या या तफावतीलाच रुग्ण ‘श्वास आत जात नाही’ असे म्हणतो, वास्तविक तो बाहेर जात नसतो.

अंबाड्याचा खुलासाही इथेच होतो. श्वासपटल सपाट झाले की मान आणि खांदे यांचे स्नायू श्वसनाच्या मदतीला येतात. हात डोक्याच्या मागे नेले की त्याच स्नायूंना हात पेलण्याचे काम करावे लागते, आणि श्वसनाची मदत तुटते. तेव्हा मांडवीकाठ यांना माझे नम्र सांगणे असे की, अंबाडा ही या आजारात बरीच चांगली चाचणी आहे. केस विंचरताना, कपडे वाळत घालताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना धाप लागते का, हे छातीविकारतज्ज्ञ आवर्जून विचारतात.

औषध काय करते? श्वासनलिकांभोवतीच्या गुळगुळीत स्नायूंचा ताण ते सैल करते. नष्ट झालेले वायुकोश त्याने परत येत नाहीत. परंतु नलिकेतील प्रवाह संथ व सरळ असेल तर तिचा अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या केवळ दहा टक्क्यांनी वाढली तरी अवरोध सुमारे ३२ टक्क्यांनी उतरतो. प्रत्यक्ष फुप्फुसात गणित इतके स्वच्छ नसते, तरी दिशा तीच. एवढ्या फरकाने दर उच्छ्वासात थोडी अधिक हवा बाहेर पडते, फुगवटा उतरतो, श्वासपटलाला त्याचा घुमट काही अंशी परत मिळतो आणि चालायला लागल्यावर ‘छप्पर’ लागायला अधिक वेळ लागतो. एफईव्ही-१ ही चाचणी छाती पूर्ण भरून, सर्व जोर लावून फुंकण्याची आहे, आणि त्या जोरानेच झिजलेल्या नलिका दबतात. विहिरीवरून येताना कोणी असे फुंकत नाही. म्हणून त्या आकड्यात न दिसलेली सुधारणा चालण्यात दिसू शकते.

हे केवळ तर्कावर आधारलेले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १८७ रुग्णांना सहा आठवडे टायोट्रोपियम किंवा निष्क्रिय पूड देऊन सायकल चालवायला लावली होती. टायोट्रोपियम घेणाऱ्यांची अंतःश्वसन क्षमता वाढली, आणि निष्क्रिय पुडीच्या तुलनेत ते सरासरी १०५ सेकंद अधिक तग धरू शकले. ही वाढ सुमारे २१ टक्के होती. कोणाला काय दिले हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते, तेव्हा मनाच्या परिणामाचा हिशेब त्यात आधीच झालेला आहे. याच तत्त्वाचा दुसरा, काहीसा धाडसी पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. वरच्या भागात झीज झालेल्या निवडक रुग्णांच्या फुप्फुसाचा फुगलेला भाग कापून काढला, तर त्यांची चालण्याची क्षमता वाढते. फुप्फुस कमी करून श्वास सुधारतो, हे साचलेल्या हवेचा विचार केल्याशिवाय समजूच शकत नाही.

मांडवीकाठ:

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सायकलच्या चाचणीनंतर माझा आक्षेप बराच सौम्य झाला. तरी एक प्रश्न उरतो: आजार पुढे सरकणे या औषधाने थांबते का? की केवळ तात्पुरता आराम?

डिचोलीकर:

याच धाग्यात विचारतो. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून दमा आहे. त्याच्या तपासणीत एफईव्ही-१ हा १.९ वरून थेट २.६ लिटर झाला. त्याला स्टिरॉइड असलेला पंप दिला आहे, पण स्टिरॉइडच्या नावाने घरात सगळेच बिचकतात. सत्तरीकरांच्या आईंना दिलेले औषध स्टिरॉइडविना आहे. तसेच नुसते नळ्या उघडणारे औषध भावाला घेता येईल का? आणखी एक: वडिलांना सीओपीडी आहे, पंप घेतल्यावर त्यांना मोकळे वाटते, पण बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन आधीही ९४ आणि नंतरही ९४. हे कसे?

श्वासपटल:

आधी डिचोलीकर, कारण तुमचा प्रश्न तातडीचा आहे. कृपया भावाचा स्टिरॉइडचा पंप बंद करू नका. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला आलेली सूज हा मुख्य आजार आहे आणि नलिका आवळणे हा तिचा परिणाम. ३७ टक्के वाढ हेच सांगते की, त्याच्या नळ्या बंद होतात तशाच मोठ्या प्रमाणात उघडूही शकतात. सूज तशीच ठेवून दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाने नळ्या नुसत्या उघड्या ठेवल्या, तर रुग्णाला बरे वाटत राहते आणि आतल्या आत आजार चिघळतो. साल्मेटेरॉल या अशाच औषधाची २६ हजारांहून अधिक दमेकऱ्यांवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत साल्मेटेरॉल घेणाऱ्यांमध्ये दम्याने १३ मृत्यू झाले आणि निष्क्रिय औषध घेणाऱ्यांमध्ये ३. तेव्हापासून दम्यात असे औषध श्वासावाटे घेण्याच्या स्टिरॉइडशिवाय एकटे देऊ नये, हा दंडक पक्का झाला. टायोट्रोपियम दम्यातही वापरतात, पण स्टिरॉइडला जोड म्हणून. शिवाय पंपातले स्टिरॉइड मायक्रोग्रॅमच्या मापात थेट नळीत जाते. गोळीशी त्याची बरोबरी करून घाबरण्याचे कारण नाही. घेतल्यावर चूळ भरून टाकायची, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही.

सीओपीडीत चित्र उलटे आहे. तिथे नळ्या उघडणारी औषधे पाया आहेत, आणि स्टिरॉइड सर्वांना द्यायचे नसते. वारंवार आजार उसळत असेल आणि रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ३०० किंवा त्याहून अधिक असतील, तेव्हा त्याचा लाभ स्पष्ट असतो; एरवी न्यूमोनियाची जोखीम वाढते. दमा आणि सीओपीडी या दोहोंना घरात ‘दमा’ म्हणतात आणि एकाचा पंप दुसरा ओढतो, ही आपल्याकडची फार जुनी आणि धोकादायक सवय आहे.

ऑक्सिजनचे म्हणाल तर, धाप आणि रक्तातला ऑक्सिजन या दोन गोष्टी बरोबर चालतातच असे नाही. पंपाने फुगवटा उतरतो आणि स्नायूंचे श्रम कमी होतात, म्हणून मोकळे वाटते. साल्ब्युटामॉलसारख्या औषधाने तर कधी कधी ऑक्सिजन थोड्या वेळासाठी किंचित उतरतोही, कारण ज्या भागात हवा कमी पोहोचते तिथल्या रक्तवाहिन्याही ते सैल करते. वडिलांचा आकडा तोच राहिला यात वावगे काही नाही.

औषधांच्या दोन घराण्यांबद्दल थोडे लिहितो. साल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल ही बीटा-२ ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या संदेश स्वीकारणाऱ्या जागांना, चेतवणारी औषधे. स्नायूपेशीत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवून ती स्नायू सैल करतात. साल्ब्युटामॉलचा परिणाम चार ते सहा तास, इतर दोहोंचा सुमारे बारा तास. हात थरथरणे आणि छाती धडधडणे हे त्यांचे ओळखीचे उपद्रव. दुसरे घराणे अ‍ॅसिटिलकोलिन या मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या रसायनाला अडवणारे. व्हेगस नावाचा मज्जातंतू श्वासनलिकांना सतत थोडे आवळून ठेवतो, आणि सीओपीडीत उलटवता येण्याजोगा अडथळा मुख्यतः या आवळण्याचाच असतो. टायोट्रोपियम स्नायूवरील एम-३ ग्राहीवर जाऊन बसते आणि सहजी उठत नाही. प्रयोगशाळेतील मोजमापात ते निम्मे सुटायला सुमारे ३५ तास लागतात, तर त्याच कुळातल्या जुन्या इप्राट्रोपियमला जेमतेम पाव तास. रोज एकच मात्रा पुरते ती यामुळे. एका घराण्याने भागले नाही तर दोन्ही एकत्र देतात.

या दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष आपल्या कुंपणालगत उगवतो. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिन हेच काम करते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दम्यावर धोतरा ओढण्याची रीत मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचली आणि पुढे तिकडे धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. पणजीच्या उद्यानाला ज्यांचे नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता यांनी सोळाव्या शतकात गोव्यात बसून धोतऱ्याबद्दल लिहिले, ते मात्र चोर लोक तो अन्नात घालून घरच्यांना बेभान करतात म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या रसायनांच्या आहेत. अ‍ॅट्रोपिन रक्तातून मेंदूपर्यंत जाते. टायोट्रोपियमच्या रेणूवर विद्युतभार असल्याने ते सहसा जात नाही. कोणीही धोतऱ्याचा प्रयोग घरी करू नये.

मांडवीकाठ, तुमचा प्रश्न नेमका आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ५,९९३ रुग्णांना चार वर्षे टायोट्रोपियम किंवा निष्क्रिय पूड दिली गेली. एफईव्ही-१ ची वार्षिक घसरण दोन्ही गटांत जवळपास सारखीच, वर्षाला सुमारे ४० मिलिलिटर राहिली. त्या अर्थाने आजार थांबला नाही. पण औषध घेणाऱ्यांचा आकडा चारही वर्षे वरच्या पातळीवर राहिला आणि आजार उसळण्याचे प्रसंग १४ टक्क्यांनी कमी झाले. २०१७ मध्ये चीनमधील ८४१ रुग्णांवरची चाचणी आली. त्यांचा आजार सौम्य किंवा मध्यम होता. त्यात तपासणीच्या वेळी नळ्या उघडणारे औषध देऊन मोजलेल्या एफईव्ही-१ ची घसरण टायोट्रोपियमने वर्षाला ५१ ऐवजी २९ मिलिलिटर झाली, परंतु ते औषध देण्यापूर्वीच्या मोजमापात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. माझे मत असे की, घसरण रोखण्यासाठी या औषधावर भिस्त ठेवू नये, आणि ते घसरण रोखत नाही म्हणून ते निरुपयोगीही ठरवू नये. उसळीमुळे रुग्णालयात दाखल होण्याची वेळ एकदा जरी टळली, तरी वृद्ध माणसाच्या आयुष्यात तो मोठा फरक असतो. घसरणीचा उपाय धूर बंद करणे हाच आहे. सत्तरीकर, न्हाणीतले भाण अजून पेटत असेल तर औषधाच्या खर्चाआधी तिकडे बघा. आणि ऊर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात भट्टीजवळ आईंना बसू देऊ नका.

म्हापशाची_फार्मसी:

गेली अनेक वर्षे मी औषधालय चालवते, म्हणून एक व्यावहारिक मुद्दा मांडते. वरची सगळी चर्चा औषध नळीपर्यंत पोहोचले असे गृहीत धरून झाली आहे. माझ्या काउंटरवरचा अनुभव तसा नाही. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात शिकलेलेही होते. ही कॅप्सूल यंत्रात घालून फोडायची असते आणि आतली पूड तोंडाने ओढायची असते.

आपल्या पावसात याची वेगळीच गंमत होते. जूनपासून हवा इतकी दमट असते की, फॉइलमधून आधीच काढून डबीत भरून ठेवलेल्या कॅप्सूल मऊ पडतात. मग टोचल्यावर कवच फुटण्याऐवजी दबते आणि पुडीच्या गुठळ्या आत चिकटून राहतात. म्हणून कॅप्सूल घ्यायच्या क्षणीच फॉइलमधून काढावी, हात कोरडे असावेत, आणि यंत्र न्हाणीघरात ठेवू नये. ओढण्यापूर्वी श्वास पूर्ण सोडायचा, पण यंत्रात फुंकून नव्हे, तोंड बाजूला करून. एका फुंकरीने आतली पूड ओली होते. मग ओठ घट्ट मिटून खोल आणि एकसारखा श्वास ओढायचा. ओढताना कॅप्सूल आत फिरते अशी यंत्रे असतात, त्यांत फरफर असा आवाज येतो. आवाज आला नाही तर कॅप्सूल अडकली आहे असे समजावे. नंतर जमेल तितका, शक्यतो दहा सेकंद, श्वास रोखायचा. शेवटी कॅप्सूल उघडून बघायची. पूड उरली असेल तर पुन्हा ओढायची.

फार अशक्त रुग्णांना पूड ओढण्याइतका जोर नसतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घेता येतो. टायोट्रोपियमची पूड हाताला लागली तर तो हात डोळ्याला लावू नये, कारण काचबिंदूच्या काही रुग्णांना त्याने अचानक त्रास होऊ शकतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी लघवी अडू लागल्यास लगेच सांगावे. तोंडाला कोरडही काही जणांना पडते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो लपवून ठेवणारेही रोज भेटतात. रक्तदाबाच्या गोळीची जेवढी सवय लागते, तेवढीच याची.

मांडवीकाठ:

माझ्या मामांच्या घरी जाऊन आजच त्यांचे यंत्र उघडून पाहिले. कॅप्सूलमध्ये निम्मी पूड तशीच होती. माहितीबद्दल आभार.

सत्तरीकर:

सर्वांचे मनापासून आभार. अहवाल पुन्हा काढून दोन्ही वेळचा आलेख पाहिला; फुंकण्याचा कालावधी दोन्हीकडे साधारण सारखाच दिसतो. भाणाऐवजी गॅसवरचा बंब बसवण्याचे ठरवले आहे, आई तेवढी कुरकुर करते आहे. आता एकच विचारायचे राहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. त्या दिवशी टायोट्रोपियम घ्यावे की बंद ठेवावे? तपासणी केंद्रातून कोणी नीट सांगत नाही. आणि या वेळी साचलेल्या हवेचा आकडा मिळू शकेल का?

श्वासपटल:

निदान नव्याने ठरवायचे असते तेव्हा औषध थांबवून तपासणी करतात. त्यासाठी साल्ब्युटामॉल चार ते सहा तास आणि टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास बंद ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या आईंचे निदान झालेले आहे आणि औषधाखाली त्या कशा आहेत हे पाहायचे आहे, तेव्हा औषध नेहमीच्या वेळी घ्यावे आणि ते किती वाजता घेतले हे अहवालावर लिहून घ्यावे. डॉक्टरांचा हेतू वेगळा असेल तर त्यांचे ऐकावे. दोन दिवस औषध सोडणे आपल्या मनाने करू नये.

आत साचलेली एकूण हवा मोजायला बंद कक्षाचे मोठे यंत्र लागते आणि ते सगळीकडे नसते. अंतःश्वसन क्षमता मात्र साध्या स्पायरोमीटरवर मिळते. रुग्णाने काही वेळ शांत श्वास घ्यायचा आणि मग एका शांत उच्छ्वासाच्या शेवटी, आधी न फुंकता, छाती पूर्ण भरायची. तंत्रज्ञांना हे ठाऊक असते, फक्त मागितल्याशिवाय कोणी करत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसे लिहून घ्या. जोडीला सहा मिनिटे चालण्याची चाचणीही लिहून घ्यावी. तीत किती मीटर चालणे झाले, ऑक्सिजन किती उतरला आणि शेवटी धाप शून्य ते दहापैकी किती वाटली, हे तिन्ही आकडे नोंदवतात. औषध सुरू करण्यापूर्वीची अशी नोंद तुमच्याकडे नाही, त्यामुळे या वेळचे आकडे पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी जपून ठेवा.

सत्तरीकर:

चिठ्ठीवर दोन्ही लिहून घेतो. तपासणी झाली की आकडे याच धाग्यावर टाकीन.